तुमच्या ग्रहावर पाणी कोण भरतं?

परभणीत एक कादंबरीकार होता. चाळिशीच्या आतबाहेरचा. दिवसा बँकेत नोकरी, रात्री लेखन. त्याला तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी लिहायचं होतं, आणि तेही ‘असं झालं तर?’ या जातीचं. अजून न घडलेलं, कदाचित कधीच न घडणारं, पण वाचताना डोळ्यांसमोर घडतंय असं वाटायला लावणारं.

या वयाच्या वाचकाला मराठीत हक्काचं घर नाही, असं मला फार वर्षं वाटत आलंय. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. ते ज्यांच्या हातात पडलं ती मुलं नशीबवान. पण ‘किशोर’ सुटलं की मूल एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर जाऊन आदळतं, नाहीतर वाचणंच सोडून देतं. मधल्या चार वर्षांसाठी जो माणूस रात्री जागतो, त्याच्याबद्दल मला आधीपासूनच माया वाटते. म्हणून ही गोष्ट.

तर या कादंबरीकाराला कल्पना सुचत नव्हती. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपल्याकडे निजामाच्या राजवटीपासून चालत आलेली आहे. तिचा अर्थ जो तो आपल्या परीनं लावतो. यानं लावलेला अर्थ असा, की काही घडायचं असेल तर ते दुसरीकडे. परभणीत नुसतं ऊन. अद्भुत शोधायला तो लांब लांब जायचा. मंठ्यावरून लोणारला गेला, उल्केनं पाडलेल्या त्या विवराच्या काठावर दिवसभर बसला आणि तिथल्या फलकावर जे लिहिलं होतं तेवढंच घेऊन परत आला. परदेशी सिनेमे पाहिले. शेवटी त्यानं एक ग्रह रचला. त्यावर काचेचं शहर, तीन चंद्र, एक कप्तान आणि आकाशात चाललेलं युद्ध. दोनशे वीस पानांचं पुस्तक झालं, छापलंही गेलं. मित्रांनी कौतुक केलं. मित्र तेवढं करतातच.

फेब्रुवारीच्या २८ तारखेला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, सेलू तालुक्यातल्या एका गावच्या शाळेनं त्याला बोलावलं. आठवी-नववीची मुलं व्हरांड्यात मांडी घालून बसली होती. समोर टेबल, टेबलावर तांब्या-भांडं. त्यानं कादंबरीतलं युद्धाचं प्रकरण वाचून दाखवलं. पोरं रंगली. मग प्रश्न सुरू झाले. यान किती वेगानं जातं, तुम्ही रोज किती पानं लिहिता, कप्तान शेवटी मरतो का.

मागच्या रांगेतून नववीतली एक मुलगी उठली.

“सर, तुमच्या त्या ग्रहावर पाणी कोण भरतं?”

व्हरांडा हसला. बाईंनी तिला हातानं ‘बस खाली’ अशी खूण केली. लेखकही हसला आणि म्हणाला, “तिथे यंत्रं भरतात.”

“अन् यंत्र बिघडल्यावर?”

त्याला उत्तर आलं नाही. घसा कोरडा पडला म्हणून त्यानं तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून घेतलं. बाई म्हणाल्या, “घ्या सर, ताजं आहे. हिनंच आणलंय सकाळी.” ‘हिनंच’ म्हणताना त्यांनी मागच्या रांगेकडे बोट केलं होतं.

त्या रात्री त्यानं स्वतःची कादंबरी काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. दोनशे वीस पानांत एकही माणूस पाणी पीत नव्हता. कुणी स्वयंपाक करत नव्हतं. काचेच्या त्या शहरात काचा कोण पुसतं, याचा पत्ता नव्हता. कप्तानाला आई नव्हती, आणि ती मेल्याचंही कुठं सांगितलेलं नव्हतं. ती लिहायची राहूनच गेली होती. ग्रह भव्य होता आणि त्यावर कुणीच राहत नव्हतं.

इथे थोडं थांबून मला त्याच्या शाळकरी वयाबद्दल सांगायला हवं, कारण चूक तिथली होती. मराठीतल्या बहुतेक विज्ञानकथाप्रेमी मुलांप्रमाणे तोही जयंत नारळीकरांवर वाढला. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून नक्कल करून घेतली, आणि कथा पहिली आली. एवढं मोठं नाव बाजूला ठेवून केवळ कथेच्या बळावर परीक्षेला बसणारा हा माणूस. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आमच्या कादंबरीकारानं दहा वेळा वाचली होती. तिच्यात एका इतिहासकाराला अपघात होतो आणि तो अशा जगात पोचतो, जिथे १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. त्यासाठी नारळीकरांनी बदललं किती? फक्त एक गोळी. खऱ्या पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या दुसऱ्या जगात कानाजवळून निघून जाते, आणि तिथून पुढचा अख्खा हिंदुस्थान वेगळा होतो. ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्येही तसंच. वस्तू घराघरांतली, गणपतीची मूर्ती. हललेली गोष्ट एकच, डावी-उजवी दिशा. आणि त्यामागे अवकाशाच्या मित्यांचं खरं गणित. वाचताना पोराच्या लक्षात राहिलं ते दुसरं जग. गोळी त्याच्या लक्षात राहिली नाही. आपण बहुतेक जण असंच वाचतो.

भा. रा. भागवतांचंही तेच. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची आणि पाताळातली सफर त्यांनी मराठी मुलांच्या हातात आणून दिली. पण स्वतःचा नायक घडवायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला फुरसुंगीचा केला. बनेश फेणे, पुण्याजवळच्या एका खेड्यातला काटकुळा पोरगा. आणि तो व्हर्न? बलूनमधून आफ्रिका पार करण्याची त्याची कादंबरी १८६३ ची. तो स्वतः बलूनमध्ये बसला १८७३ मध्ये, आमिआं गावात, जेमतेम चोवीस मिनिटं. दहा वर्षं आधी त्यानं जे लिहिलं ते वाचून, विचारून, टिपून लिहिलं. वायू तापला की बलून किती उचलला जाईल, वजन किती टाकावं लागेल, याचा हिशोब तो आधी मांडायचा.

हे सगळं आमच्या कादंबरीकारालाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि कुणी भर व्हरांड्यात विचारणं वेगळं.

मे महिन्यात, शाळा सुटल्यावर, बाईंना विचारून तो पुन्हा त्या गावी गेला. मुलीचे आईवडील ऊसतोडीहून नुकतेच परतले होते आणि आता रोजगाराच्या शोधात सकाळीच बाहेर पडत. घरी आजी आणि ती. लिंबाखाली बाज टाकलेली होती. त्यानं वही काढली आणि सरळ विचारलं, “तुमच्याकडे पाणी कोण भरतं?”

“मीच,” मुलगी म्हणाली. “चला, दाखवते.”

हापशावर घागरींची रांग लागलेली होती. माणसं मात्र चारच. बाकीच्या जागी नुसत्या घागरी उभ्या होत्या: पितळी, स्टीलच्या, निळ्या प्लास्टिकच्या, एक पोचा पडलेली, एक काठाला लाल दोरा बांधलेली. मुलीनं त्याला रांग वाचून दाखवली. ही पोच्याची अमक्याच्या सुनेची, ती भाकरी टाकायला गेलीय. या दोन निळ्या कुणाच्या, ते सांगायची गरज नाही, त्यांच्या झाकणाला पाटी आहे. घागर नंबरला लावली की माणूस घरी गेलं तरी चालतं, कारण घागर म्हणजेच माणूस. पुढची भरून निघाली की जो कुणी तिथे असेल त्यानं मागच्या सगळ्या एकेक पाऊल सरकवायच्या. आपलीच तेवढी सरकवायची नाही. आणि ज्या घरात मयत झालेलं असेल, त्या घरच्या घागरीला नंबर नाही. ती येईल तेव्हा पहिली.

“हे नियम कुणी केले?”

“कुणी केले काय... हायतच.”

लेखकानं वहीत लिहून घेतलं. त्याच्या कादंबरीतल्या ग्रहाला राज्यघटना होती, सेनापती होते, दंडसंहिता होती. पण कुणीही न लिहिलेला आणि उन्हात घसा सुकलेला असतानाही न मोडला जाणारा एकही कायदा त्याच्या ग्रहावर नव्हता. मला विचाराल तर त्या दुपारी हापशावर तो पहिल्यांदा परग्रहावर उतरला.

परत आल्यावर आजीनं गूळ-पाणी दिलं.

“तुमी लिव्हता म्हणं,” आजी म्हणाली.

“हो. मुलांसाठी.”

“मग बहात्तरच्या दुष्काळाचं लिवा. बहात्तरच्या साली म्या हिच्याएवढी व्हते. माय खडी फोडायला जायची, मी लहान्याला सांभाळायची. सुकडी मिळायची कामावर. रेशनला ती लाल मिलो ज्वारी. जनावरं खात नव्हती, आमी खाल्ली.”

गावाच्या खालच्या अंगाला एक लहान बारव आहे, तिचं तिनं सांगितलं. एरवी बारवेच्या वरच्या सहा-सात पायऱ्याच गावाला माहीत. त्या साली पाणी हटत गेलं आणि दर चार दिवसांनी एक नवी पायरी वर यायला लागली. गावातल्या म्हाताऱ्यांनीही न पाहिलेल्या पायऱ्या, शेवाळ वाळून पांढरट पडलेल्या.

“मंग एक दिस तळची पायरी उघडी पडली. मपल्या आज्यानं बी ती बगितली नव्हती.”

“मग काय केलंत?”

“हात जोडले, अन् तिच्यावर गोणपाट टाकलं. झाकून घेतली. ती बगायची नसती, बापू.”

कुणी काही बोललं नाही. उन्हाची झळ ओसरीपर्यंत येत होती. मुलगी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. ती रोज त्या बारवेवरून जात असे आणि पाणी कितव्या पायरीला आहे ते मोजत असे; तशी सवयच होती तिची. तिनं मान वर केली.

“आजी, गोणपाट काढून कुणी बगितलंच नाही ना? तिच्याखाली अजून एक पायरी असली तर?”

लेखकाच्या हातातलं पेन थांबलं. त्याला पुढे अनेकांनी विचारलं, तुम्हाला ही कल्पना कुठे सुचली? तो हेच सांगत आला आहे, की ती मला सुचलेलीच नाही. ज्या मुलीनं पायऱ्या मोजल्या होत्या तिला ती सुचली. पाय न ठेवलेल्या माणसाला ‘अजून एक’ म्हणताच येत नाही. आधी सगळ्या मोजाव्या लागतात. त्यानं तिची परवानगी मागितली. “तुझा हा प्रश्न मी कादंबरीला घेऊ का?”

“घ्या की. पण त्यात पाणी कोण भरतं ते लिवा.”

त्यानंतरचे महिने त्यानं लिहिण्यात कमी आणि विचारण्यात जास्त घालवले. त्याच तालुक्यातल्या वालूरला गेला. तिथली बारव चक्राकार आहे. पायऱ्या सरळ खाली न जाता गोल फिरत उतरतात, आणि उतरणाऱ्याला आपण कुठून निघालो तेच काही वेळानं कळेनासं होतं. गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली ही बारव वालूरकरांनी श्रमदानातून मोकळी केली. लेखक पायऱ्या मोजत उतरला, मध्येच चुकला, वर आला, पुन्हा उतरला. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गेला, तिथली मंदिरं आणि बारव पाहिली. गाळ उपसताना घमेली हातोहात कशी वर जातात, सगळ्यात खाली कोण उभं राहतं, सर्वांत आधी दमतं कोण, हे त्यानं गवंड्यांना आणि मजुरांना विचारलं. ही माहिती कुठल्याही ग्रंथात मिळाली नसती, आणि तिच्याशिवाय त्याचं दुसरं प्रकरण उभंच राहिलं नसतं.

ग्रंथांतही काही सापडलं. युरोपात, चेक प्रजासत्ताकातल्या देचिन गावाशी, एल्ब नदीच्या पात्रात एक मोठा खडक आहे. पाणी फार उतरलं तरच तो दिसतो. त्यावर लोकांनी दुष्काळाची सालं कोरून ठेवली आहेत. वाचता येतं असं सर्वांत जुनं साल १६१६. शेजारी जर्मन भाषेत कोरलेल्या वाक्याचा आशय असा, की मी दिसलो तर रडा. तिकडे अशा खडकांना भुकेचे दगड म्हणतात. २०१८ च्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ते पुन्हा उघडे पडले होते. लेखकानं हे वाचलं आणि त्याला लिंबाखालची आजी आठवली. कुठं एल्ब आणि कुठं सेलूकडची दुधना नदी! एका गावानं खडकावर कोरलं, दुसऱ्यानं गोणपाट टाकलं. दोन्हीकडे माणसं पाण्याच्या तळाशी पोचली होती आणि पुढच्या पिढीशी काहीतरी बोलू पाहत होती.

आता गोष्ट हलू लागली. कादंबरीतलं गाव सेलू तालुक्यातलंच, साल पुढच्या शतकाच्या उंबरठ्यावरचं. पाणी तळच्या पायरीखाली जातं आणि तिथे आणखी एक पायरी निघते, गावातल्या कुणीही न बांधलेली. तिच्यावर सालं कोरलेली आहेत. दुष्काळाचीच सालं, पण अजून न उजाडलेली.

त्याच्या एका मित्राला हे पटलं नाही. “फारच ताणलंस. मुलं विश्वास ठेवणार नाहीत.” लेखकानं त्याला उलट विचारलं, १९७२ मध्ये खडी फोडणाऱ्या बाईला जर कुणी सांगितलं असतं की एक दिवस या मराठवाड्यात पिण्याचं पाणी आगगाडीत बसून येईल, तर तिनं विश्वास ठेवला असता का? मिरजेहून निघालेली गाडी १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माणसं ती बघायला स्टेशनवर गेली होती. मित्र गप्प बसला. मीही हे ऐकलं तेव्हा गप्प बसलो होतो, कारण त्या गाडीची बातमी मी वाचली होती, आणि तिच्यात काही अद्भुत आहे हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

फक्त एका ठिकाणी तो अडून बसला होता. न उजाडलेल्या सालांची ती पायरी बांधली कुणी? भविष्यातल्या माणसांनी, हे त्यानं ठरवलं होतं. पण वाक्य पुढं जात नव्हतं. मग एका रात्री त्यानं वहीचं पहिलं पान उघडलं आणि तिथला ‘पाणी कोण भरतं?’ हा प्रश्न पुन्हा वाचला. ती पायरी बांधणाऱ्या गवंड्यांना पाणी कोण देत होतं? ज्या काळात तळाच्याही खाली पाणी नाही, तिथे दगड घडवणाऱ्या माणसांची तहान कुणी भागवली? त्याचं उत्तर शोधता शोधता शेवटची सहा प्रकरणं लिहून झाली. उत्तर मी इथे सांगत नाही. ते मुलांनी वाचायचं आहे.

पुढच्या फेब्रुवारीत तो त्याच शाळेत गेला. तोच व्हरांडा, तेच टेबल. आल्या आल्या त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि विचारलं, आज कुणी भरला? सातवीतल्या एका मुलानं हात वर केला. लेखक त्याला नमस्कार करून मग खुर्चीवर बसला. पोरांना त्याचं नवल वाटलं.

त्यानं पहिलं प्रकरण वाचलं. नायिका पहाटे बारवेवर जाते, घागर भरते, वर यायला वळते, आणि तेवढ्यात तिला ती पायरी दिसते. ती घागर डोक्यावर घेऊन धापा टाकत, पळत पळत चौदा पायऱ्या चढते आणि गावाला हाक मारते. मुलं श्वास धरून ऐकत होती. वाचन संपल्यावर टाळ्या झाल्या.

ती मुलगी आता दहावीत होती. पुढच्या रांगेत बसली होती. तिनं हात वर केला.

“सर, भरली घागर घेऊन बारवेच्या पायऱ्या कुणी पळत चढत नाही.”

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनीही तिला बसायला सांगितलं नाही. ती उभी राहिली, ओढणीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, एक हात वर धरला आणि पायाच्या अंगठ्यानं पुढची पायरी चाचपावी तशी दोन पावलं चालून दाखवली. “ओल्या असतात ना. आधी अंगठा टेकवायचा, मग पाय. पळाली तर ती बी जाईल अन् पाणी बी.”

लेखकानं तिथंच टेबलावर कागद ओढला आणि ते वाक्य खोडलं.

छापून आलेल्या पुस्तकात नायिका आधी घागर पायरीवर ठेवते. तिच्या तोंडावर चुंबळ ठेवते, नंबर जाऊ नये म्हणून. आणि मग पळते.